लुनागांचं खाचर

त्या वर्षी पाखरं आली नाहीत, हे आधी पुगुओनच्या लक्षात आलं. खरं तर तो बांध रचणारा माणूस, त्याची नजर कायम दगडांवर. जूनमधल्या एका दुपारी तो खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या घराखाली सावलीला येऊन टेकला, पानाचा तोबरा या गालातून त्या गालात सरकवला आणि म्हणाला, "सकाळपासून माझी बायको कुणावर ओरडली नाही. बरं नाही की काय तिला?"

आम्ही हसलो. त्याची बायको इंतानाप, आणि तिचा आवाज अख्ख्या पुग्गोल गावाला पाठ. भातात दूध भरायला लागलं की आमच्या बायका बांधावरच्या खोपटांत बसून पाखरं राखतात. दोरी ओढली की तिला बांधलेले डबे खडखडतात, मुनियांचा थवा उठतो, मग त्याच्यामागे दोन शिव्या सोडायच्या. इंतानापच्या शिव्या दरीपलीकडच्या डोंगराला ऐकू जायच्या. मी गावच्या शाळेत शिकवते. वर्गातली मुलं नको ते शब्द बोलली की ते कुठून शिकली, हे मला विचारावं लागायचं नाही.

पुगुओनबरोबर मी तिच्या खोपटापर्यंत गेले. ती दोरी हातात धरून बसली होती. दोरी सैल होती.

"पाखरं कुठं गेली, इना?" मी विचारलं. आईच्या वयाच्या बाईला आम्ही इनाच म्हणतो.

"तेच ऐकतेय. गप्प राहा जरा."

मी गप्प राहिले. पाखरांचा आवाज नव्हता, बेडकांचाही नव्हता. समोर दरीच्या तळापासून रानाच्या कडेपर्यंत एकावर एक चढत गेलेली आमची खाचरं, सगळी पिवळीधमक. तीन आठवडे लवकर पिकलेली. इतकं देखणं पीक मी जन्मात पाहिलं नव्हतं. वरच्या रस्त्यावर शहरातल्या लोकांची गाडी थांबली होती आणि ते फोटो काढत होते. पिकलेल्या भातावरून वारा गेला की एक जड, भरलेला आवाज येतो. त्या दिवशी आवाज कोरडा होता, कुणी वहीची पानं चाळत असल्यासारखा. तो तळाच्या खाचरातून सुरू झाला, एकेक बांध चढत वर आला आणि आमच्या अंगावरून रानात निघून गेला.

इंतानापनं एक लोंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. तळहात रिकामा.

"भरलेलं भात मान खाली घालतं, पोरी," ती म्हणाली. "हे बघ. सगळं ताठ उभं आहे."

मी पाहिलं. एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसेनाच. डोंगरभर लाखो लोंब्या ताठ उभ्या होत्या, आमच्याकडे बघत असल्यासारख्या. पोचट. पाखरांना ते आमच्या आधी कळलं होतं.

इंतानाप तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती आणि सगळ्या गावाचं बी तीच निवडत असे, रोपांचे वाफेही तीच पेरत असे. इफुगावच्या डोंगरात आमच्यासारखी गावं पुष्कळ. सगळीकडे भात वर्षातून एकदाच येतं, आणि सगळीकडे बी निवडणारी एक बाई असते. इंतानाप अकरा वर्षांची असताना तिच्या आत्यानं घरातल्या सात पोरींच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि हातात लोंब्या दिल्या. कुठली कुठल्या खाचरातली, कुठली पुढच्या वर्षी धरेल, कुठली दगा देईल, ते फक्त बोटांनी सांगायचं. सहा पोरी खिदळत राहिल्या. इंतानाप एकेका लोंबीची मान चाचपत गेली आणि एकदाही चुकली नाही. तेव्हापासून गावात कोयती लागायच्या आधी तीन दिवस ती एकटी सगळ्या खाचरांतून फिरायची. त्या तीन दिवसांत तिच्याशी कुणी बोलायचं नाही. तिनं निवडलेल्या जुड्या सगळ्यांच्या आधी कोठारात जायच्या, तिथं बसवलेल्या दोन लाकडी राखणदार मूर्तींसमोर, आणि मगच कापणी सुरू व्हायची.

पुगुओन तिला चिडवायचा, "हजारात एक लोंबी निवडते. नवरा निवडताना काय झालं होतं?"

"तेव्हा डोळ्यांवरची पट्टी काढायची राहिली होती," ती म्हणायची.

तसं पाहिलं तर त्या वर्षी खुणा आधीपासून होत्या. थंडीच्या महिन्यांत आम्ही पांघरुणं बाहेर काढलीच नाहीत. जानेवारीत लावणी करताना इंतानाप रोपाची मूठ हातात घेऊन थबकली होती. "ही घाईत आहेत," ती म्हणाली होती, "कुणीतरी मागे लागल्यासारखी." मग एप्रिलात भात फुलोऱ्यावर आलं आणि दरीतून रोज दुपारी चढणारं धुकं थांबलं. एक दिवस, दोन दिवस, असे सलग सतरा दिवस. दगड संध्याकाळपर्यंत हाताला चटका देत. खाचरांच्या कडांना चिखल तडकला आणि हातभर लांबीची गांडुळं ओलाव्यामागे खोल गेली. पुगुओन बांधाला कान लावून बसू लागला.

"आतून जातंय पाणी," तो म्हणायचा. "घोट घेतल्यासारखा आवाज येतो. ये, ऐक."

मी एकदा कान लावला. खरंच कुणीतरी सावकाश, न थांबता पाणी पीत होतं. पुन्हा मी कान लावला नाही.

पोचट भाताची बातमी गावात फिरली तेव्हा कुणी रडलं नाही. लोक आपापल्या खाचरांत गेले, लोंब्या चोळून पाहिल्या, परत आले आणि घरांखाली बसून राहिले. इंतानाप मात्र ठरल्या दिवशी उठली आणि बी निवडायला निघाली. तीन दिवस ती त्या ताठ उभ्या भातातून हिंडत होती. खालून तिचं फक्त डोकं दिसायचं. एका खाचरातून दुसऱ्यात, बांधावर, पुन्हा खाली.

तिसऱ्या संध्याकाळी कोठारापाशी गाव जमलं होतं. आमचा म्हातारा पुजारी बहातान कोंबडी आणि भाताच्या दारूचा घडा घेऊन बसला होता. इंतानाप आली. हात मोकळे.

"किती?" बहातानानं विचारलं.

"नाही, अपू." म्हाताऱ्यांना आम्ही अपू म्हणतो.

"एकही नाही?"

"वाकलेल्या सात मिळाल्या. सातही खोडातल्या किडीनं वाकवलेल्या."

कोंबडीनं पंख फडफडवले. मग दुलिमाय उठली. तिचं खाचर इंतानापच्या खाचराला लागून, आणि दोघींचं पाण्यावरून तीस वर्षं भांडण.

"गेल्या वर्षीचं बी कुणी निवडलं होतं?" तिनं विचारलं.

माणसं इंतानापकडे बघायला लागली.

"हात उतरलाय तुझा, इंतानाप, गुण गेलाय त्याचा. आणि तुला ते ठाऊक होतं. लावणीच्या वेळी तुझं तोंड पाहिलं होतं मी. बोलली का नाहीस?"

एरवी इंतानापनं तिचे आजे-पणजे काढले असते. त्या दिवशी ती दुलिमायकडे बघत उभी राहिली, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं उजवा हात बोटांपासून मनगटापर्यंत फडक्यानं बांधला होता. आम्हाला वाटलं, लागलं असेल. पण आठवडा झाला, दोन झाले, फडकं तसंच. भात तिनं सोडलं. रताळी खायची, तीही डाव्या हातानं. मी विचारलं तर म्हणाली, "हा हात आता कशाला लावू? तुझ्या शाळेतल्या पोरांना लावू?"

कोठारांत मागच्या वर्षीच्या जुड्या होत्या, म्हणून उपासमार नव्हती. पण त्यातलं बी पेरायला कुणी धजत नव्हतं. तेही तिच्याच हातचं होतं ना. काही घरांनी खालच्या बाजारातून सखल भागातलं बियाणं पोत्यांनी आणून ठेवलं. पुगुओननं आपलं पोचट भात कापलं आणि जाळून टाकलं. शेत मोकळं झालं तरी इंतानापला तो कोरडा आवाज ऐकू यायचा. भर दुपारी, दार लावून बसली तरी.

"कुठून येतो?" मी विचारलं.

"घरातून," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये पाणी फारच आटलं तेव्हा पुगुओन झऱ्याचं तोंड साफ करायला वर रानात गेला. वाटेत लुनागांचं खाचर लागतं. सगळ्यात वरचं, सगळ्यात लहान, रानाच्या सावलीतलं आणि झऱ्याच्या थंडगार पाण्याचं. नऊ वर्षांपूर्वी लुनागांची दोन मुलं एकाच आठवड्यात तापानं गेली. मोठी मुलगी आठ वर्षांची, धाकटा पाचाचा. नवरा-बायको बागिओ शहरात निघून गेले आणि त्या खाचराकडे कुणी फिरकेनासं झालं. लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकासुद्धा वळसा घालून जात.

पुगुओन दुपारीच परत आला. खोरं कुठं टाकलं हे त्याला आठवत नव्हतं.

"वर भात आहे," तो म्हणाला. "वाकलेलं."

इंतानाप रताळं सोलत होती. "कुणी लावलं?"

"कुणी नाही. ओळी नाहीत. आणि पाखरं..." तो थांबला. "गावची सगळी पाखरं तिथं आहेत."

आम्ही तिघं गेलो. भर दुपारची वेळ, पण रानाच्या कडेला पोचलो तसं धुकं उतरलं, कित्येक महिन्यांनी. खाली दरीत चिटपाखरू नव्हतं, आणि वर चढावं तसा तो आवाज वाढत गेला. हजारो बारीक चोची, टिपटिप, टिपटिप. मग धुक्यातून खाचर दिसलं. गवत आणि भात एकमेकांत गुंतलेलं, पुरुषभर वाढलेलं, लोंब्या पार पाण्यापर्यंत लोंबलेल्या. दाण्यांना बोटभर काळी कुसळं. भाताच्या प्रत्येक ताटावर, काडीकाडीवर मुनिया. आम्ही बांधावर उभे राहिलो तरी एकही उडाली नाही.

"काळ्या कुसळाचं," इंतानाप हळूच म्हणाली. "आत्या सांगायची याच्याबद्दल. उशिरा पिकतं आणि कमी देतं म्हणून लोकांनी सोडलं. मी कधी हातात धरलं नव्हतं."

पुगुओन म्हणाला, "मग आता धर."

तिनं बांधलेला हात पाठीमागे नेला. "दुसऱ्याचं आहे."

त्या संध्याकाळी बहातानानंही तेच सांगितलं. ज्यांचं आहे त्यांना विचारल्याशिवाय लोंबी तोडायची नाही. गावात फक्त माझ्याकडे त्या मुलांच्या आईचा, फेलिसा लुनागचा नंबर होता, तिच्या मुलीला मी पहिलीत शिकवलं होतं म्हणून. मी फोन केला आणि खाचरात भात उभं आहे असं सांगितलं.

"पाखरं आहेत का तिथं?" तिनं विचारलं.

"आहेत."

"येते मी," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी ती आली. शहरातले बूट, हातात एक पिशवी. नवरा आला नव्हता. ती गावात कुणाच्या घरी टेकली नाही, तडक वर निघाली. आम्ही मागोमाग. खाचरापाशी तिनं बूट काढले आणि बांधावर बसून पाय पाण्यात सोडले.

"हे मीच टाकलंय," ती म्हणाली. "निघालो त्या दिवशी कोठारात जेवढं होतं, माझ्या सासूच्या वेळेपासूनचं, ते सगळं आणून इथं फेकलं. लावलं नाही. मुठी भरभरून फेकलं नुसतं. ह्यांना वाटलं मला वेड लागलं."

"का फेकलंस?" इंतानापनं विचारलं.

"आम्ही गेल्यावर त्या दोघांना कोण वाढणार होतं?"

टिपटिप चालूच होती. पुगुओननं मान वळवली. इंतानाप फेलिसाशेजारी बसली.

"म्हणजे हे त्यांचं आहे," ती म्हणाली.

"त्यांचंच."

"मला बी पाहिजे, फेलिसा. खाली काही उरलं नाही. मागू कुणाकडे?"

फेलिसानं खाचरभर नजर फिरवली. जवळच्या ताटावर दोन मुनिया होत्या. मग तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. "मोठी देईल. ती कुणाला नाही म्हणायची नाही. धाकटा चिक्कू होता. त्याचं अर्धं ठेव."

"ठेवते."

"दर वर्षी."

"दर वर्षी," इंतानाप म्हणाली आणि दातांनी फडक्याची गाठ सोडायला लागली. आतला हात पांढराफटक, सुरकुतलेला, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखा निघाला. ती उठली आणि भातात शिरली.

बी निवडताना तिच्याकडे बघायचं नसतं, पण मी बघितलं. ती सावकाश चालत होती, लोंबीची मान चाचपत, एखादी खुडत, पुष्कळ सोडत. पाखरं तिच्या खांद्याजवळून बाजूला सरायची, उडायची नाहीत. खाचराच्या मधोमध एका जागी ती थांबली आणि अरुंद बांधावर समोरून कुणी आलं की आपण होतो तशी अंग चोरून एका बाजूला झाली. क्षणभर थांबली. मग पुढे गेली. तिथं बांध नव्हता आणि समोर कुणी नव्हतं. फेलिसाही तेच बघत होती.

नंतर मी इंतानापला विचारलं.

"वाट अरुंद होती," ती म्हणाली.

सोळा जुड्या निघाल्या. त्या लाकडी राखणदारांसमोर ठेवल्या तेव्हा गावातली सगळी माणसं आली नव्हती. लुनागांच्या खाचरातलं बी घरात नको, असं म्हणणारे बरेच होते. जानेवारीत आठ घरांनी ते लावलं. आठवं घर दुलिमायचं. ती माफी मागायला आली नाही. डुकराच्या मांसाचा वाटा पाठवला आणि निरोप धाडला की माझं रोप पातळ पेर, मागच्या खेपेसारखं दाट नको. इंतानापनं उलट निरोप पाठवला तो इथं लिहिण्यासारखा नाही. पुगुओन म्हणाला, "चला, बायको बरी झाली."

पुढच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये पुन्हा धुकं चढलं नाही. काळ्या कुसळाचं भात उशिरा निसवलं, लोंब्या उशिरा बाहेर पडल्या, आणि ते फुलायला लागलं तेव्हा इंतानाप रोज तांबडं फुटायच्या आधी बांधावर जाऊन बसायची. आठव्या दिवशी तिनं मला बोलावून दाखवलं. आमच्या नेहमीच्या भाताची फुलं ऊन वर आल्यावर उघडतात, आणि तेव्हाच दगड तापायला लागलेले असतात. याची फुलं पहिल्या उजेडात उघडत होती आणि ऊन खाचरात पोचायच्या आत मिटत होती.

"हे चोरून जगतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं आणि भीतीही. "याला ठाऊक होतं, असं वाटतं ना?"

त्या वर्षी आठ घरांच्या खाचरांत लोंब्या वाकल्या. सगळ्या नाही, दहांतल्या सहा. शेजारच्या खाचरांतल्या पोत्याच्या बियाण्याला सखल भागातली खतं लागली आणि तरी निम्मं पोचट गेलं. काहींनी मग भात सोडून कोबी लावला. तीन बांध कोसळले. पुगुओननं दोन पुन्हा रचले, तिसरा त्याच्या गुडघ्यांना झेपला नाही. आता आमच्या डोंगरावर मधूनमधून खाचरांच्या जागी नुसतं गवत आहे. बहातान दोन वर्षांपूर्वी गेला. जायच्या आधी त्यानं इंतानापला विचारलं होतं, खरंच हात उतरला होता का तुझा? तिनं सांगितलं, "मला नाही माहीत, अपू." अजूनही कुणी विचारलं तर ती तेच सांगते.

फेलिसा परत शहरात गेलीच नाही असं म्हटलं तरी चालेल. नवरा महिन्या-दोन महिन्यांनी येऊन जातो. रानाच्या कडेचं जुनं घर तिनं शाकारून घेतलं आहे आणि इंतानाप तिला लोंबीची मान कशी चाचपायची ते शिकवते आहे. शिकवणं म्हणजे बहुतेक भांडणच असतं. "बोटांनी बघ, डोळ्यांनी नको!" "डोळे दिलेत कशाला मग?" "नवऱ्याकडे बघायला!" असं दुपारभर चालतं आणि खाली शाळेत माझ्या वर्गाला सगळं ऐकू येतं.

ठरल्याप्रमाणे लुनागांचं अर्धं खाचर दर वर्षी उभं ठेवतात. लावणीच्या वेळी आम्ही वर जातो तेव्हा त्यात एक दाणा उरलेला नसतो. पाखरांनी खाल्लं तर पाण्यावर टरफलं तरंगायला हवीत. ती नसतात. पुगुओन म्हणतो, उंदीर असतील. उंदीर टरफलं नेत नाहीत हे त्यालाही ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात दोघी कापणीला वर गेल्या होत्या. मी जुड्या बांधायला मदत करत होते. फेलिसा कापत कापत मध्यापर्यंत आली आणि एका ताटापाशी कोयती खाली घेतली. तिथं दोरी नव्हती, खूण नव्हती, काही नव्हतं. पुढचं ताट तसंच, तेवढंच भरलेलं.

"इथपर्यंतच?" मी विचारलं.

"इथपर्यंतच," ती म्हणाली.

इंतानापनं जुड्या डोक्यावर घेतल्या आणि वाट मोकळी ठेवून, कडेकडेनं, उतरायला लागली.